मोजपट्टीची लांबी

मोजणे म्हणजे तुलना करणे. एक राशी घ्यायची, तिच्याच जातीची दुसरी एक राशी आधी ठरवून ठेवायची आणि पहिलीत दुसरी किती वेळा मावते ते सांगायचे. या ठरवून ठेवलेल्या राशीला एकक म्हणतात. विज्ञानात आज जगभर जी पद्धत चालते तिच्यात मीटर, सेकंद, किलोग्रॅम, अँपिअर, केल्विन, मोल आणि कँडेला अशी सात मूलभूत एकके आहेत. न्यूटन, ज्यूल, वॉट, व्होल्ट ही त्यांच्यापासून साधलेली. १९६० साली या पद्धतीला आंतरराष्ट्रीय एकक पद्धती, संक्षेपाने एसआय, हे नाव मिळाले. तिची कोष्टके शाळेत पाठ होतात आणि बहुतेकांचा तिच्याशी विचारपूर्वक संबंध तिथेच संपतो. या कोष्टकांच्या तळाशी मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. कापड मोजपट्टीने मोजतात. मोजपट्टी खरी की खोटी हे अधिक काटेकोर पट्टीशी ताडून ठरते. ती पट्टी आणखी वरच्या पट्टीशी ताडतात. ही साखळी जिथे थांबते तिथल्या शेवटच्या पट्टीबद्दल काय म्हणायचे? ती बरोबर आहे, हे कशावरून?

भारतीय तर्कपरंपरेत हा प्रश्न लांबी-वजनापुरता न राहता सगळ्या ज्ञानालाच लावला गेला. इसवी सनाच्या सुमारे दुसऱ्या शतकात नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त तो धारदारपणे मांडला. प्रत्यक्ष, अनुमान इत्यादी प्रमाणांनी वस्तू सिद्ध होतात असे म्हणणाऱ्याला त्याचा सवाल असा, की मग ही प्रमाणे कशाने सिद्ध झाली? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणावे, तर त्यांना तिसरी लागतात आणि अनवस्था ओढवते. ती आपोआप सिद्ध आहेत म्हणावे, तर प्रमाणाशिवाय काहीच सिद्ध होत नाही ही मूळ प्रतिज्ञा मोडते. प्रमेयांवरून, म्हणजे जाणायच्या वस्तूंवरून, प्रमाणे ठरतात म्हणावे, तर जी प्रमेये अजून सिद्धच व्हायची आहेत त्यांच्यावर भार टाकल्यासारखे होते. नागार्जुनाला यातून एखादे अधिक पक्के प्रमाण सुचवायचे नव्हते. कोणत्याही वस्तूला स्वतःचा असा स्वतंत्र स्वभाव नाही, सगळे एकमेकांच्या आधाराने उभे आहे, हे त्याला दाखवायचे होते.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप पूर्वपक्ष म्हणून येतो. त्याला जे उत्तर दिले आहे ते तराजूचे आहे. तराजूने सोने तोलतात तेव्हा तराजू प्रमाण असतो आणि सोने प्रमेय. पण ज्याचे वजन एकदा पक्के कळले आहे असे सोने घेऊन दुसऱ्या तराजूची पारख करता येते. त्या वेळी सोने प्रमाण होते आणि तराजू प्रमेय. वात्स्यायनाच्या भाष्यात हा दाखला उलगडून सांगितला आहे. त्याचा आशय एवढाच, की प्रमाण आणि प्रमेय या वस्तूंच्या दोन जाती नाहीत, त्या भूमिका आहेत. प्रसंगाप्रमाणे एकच वस्तू आज ही तर उद्या ती भूमिका घेते. सगळ्याच प्रमाणांवर एकदम शंका घेऊन कोणताही व्यवहार चालत नाही. ज्याच्याबद्दल शंका आली त्याची पारख बाकीच्यांच्या आधारे करायची, आणि शंका फिटली की थांबायचे. नागार्जुनाचे यावर समाधान झाले असते असे मुळीच नाही; परस्परांवर टेकलेल्या दोन गोष्टींपैकी एकीलाही जमीन लागलेली नाही, असे तो म्हणाला असता. हा वाद तर्काने कोणी निर्णायकपणे जिंकला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण एककांचा पुढचा सारा इतिहास नैयायिकांच्या वाटेने गेला, आणि तोही त्या वाटेची जाणीव नसताना.

वैशेषिकांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू हाताळली. त्यांच्या मते परिमाण, म्हणजे लहानमोठेपणा व लांबीआखूडपणा, हा द्रव्याचा खरा गुण आहे. पाहणाऱ्याची ती कल्पना नव्हे. मग एकच आवळा बोरापेक्षा मोठा आणि बेलफळापेक्षा लहान कसा? यावर त्यांचे म्हणणे असे, की आवळ्याचे स्वतःचे परिमाण कायम आहे. ‘लहान’ हा शब्द तिथे गौण अर्थाने, तुलनेपुरता वापरलेला असतो. हा भेद आजही उपयोगी आहे. टेबलाची लांबी एककावर अवलंबून नसते. त्या लांबीला जोडलेला आकडा एककावर अवलंबून असतो. लांबी टेबलाची, आकडा माणसाचा. गोंधळ सुरू होतो तो आकड्याला वस्तूचा गुण समजल्यावर.

शेवटची पट्टी कोणती, याचे सर्वांत जुने उत्तर तत्त्वज्ञांचे नव्हे, देवळांचे आणि राजांचे आहे. बायबलच्या निर्गम ग्रंथात पवित्रस्थानाच्या शेकेलाचा उल्लेख येतो. रोमन पायाचे प्रमाण जूनो मोनेटा देवीच्या मंदिरात असे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील राजराज चोळाच्या शिलालेखांत सोने ज्या वजनाने तोलले त्याचे नाव ‘आडवल्लान’, म्हणजे नटराजाचेच नाव, असे नोंदलेले आहे. वजन देवाच्या नावाचे असले की त्यात काटा मारणे हा केवळ गुन्हा राहत नाही, ते पाप होते. कुराणात मापात कसर करणाऱ्यांचा निषेध करणारा एक स्वतंत्र सूरा आहे. खोट्या मापाबद्दल धर्मांना इतका राग असण्याचे कारण उघड आहे: चोरी लपून होते, मापातली लबाडी मात्र न्यायाच्याच साधनाने होते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धार्मिक भाव फारसा नाही, कारभार आहे, आणि म्हणूनच ते आधुनिक वाटते. वजने लोखंडाची असावीत, मगध किंवा मेकल इथल्या दगडाची असावीत, नाही तर अशा पदार्थाची असावीत जो भिजल्याने वाढणार नाही व तापल्याने घटणार नाही, असा तिथे दंडक आहे. अंगुळाची व्याख्या मात्र दोन प्रकारे केली आहे. एक व्याख्या परमाणूपासून आठआठच्या पटीने रथाच्या चाकाने उडालेला धूलिकण, लीख, ऊ, जवाचा दाणा अशी चढत अंगुळापर्यंत येते. दुसरी सरळ मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मधल्या रुंदीवर येऊन थांबते. पहिली व्याख्या निसर्गाकडे बोट दाखवते, दुसरी माणसाच्या हाताकडे. या दोन टोकांमध्ये मापनशास्त्र पुढे दोन हजार वर्षे झुलत राहिले.

व्यवहारात राजा बदलला की माप बदले, आणि मुलूख बदलला तरी बदले. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा होता, तर बंगालचा ८२ पौंडांहून अधिक. क्रांतीपूर्व फ्रान्समध्येही हेच होते. १७८९ साली रयतेने राजाकडे पाठवलेल्या गाऱ्हाण्यांत जमीनदारांच्या मनमानी मापांविरुद्धची तक्रार पुन्हापुन्हा येते. म्हणून क्रांतीनंतरच्या विद्वानांनी असे माप शोधायचे ठरवले जे कोणत्याही राजाचे, गावाचे वा देवाचे नसेल. एका सेकंदात एक झोका पूर्ण करणाऱ्या लंबकाची लांबी घ्यावी ही सूचना होती. पण ती लांबी जागोजागी बदलते आणि शिवाय सेकंदावर टेकते, म्हणून मागे पडली. १७९१ साली ठरले ते असे, की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. पृथ्वी सर्वांची, म्हणून तिचा अंशही सर्वांचा.

डेलांब्र आणि मेशँ या दोन खगोलशास्त्रज्ञांनी १७९२ पासून डंकर्क ते बार्सिलोना हा पट्टा त्रिकोण टाकत टाकत मोजला. युद्धाच्या दिवसांत त्यांना हेर समजून अडवले गेले; काम सहा वर्षांहून अधिक चालले. मेशँला बार्सिलोनाच्या अक्षांशाच्या दोन मापनांत काही सेकंद चापांचा फरक आढळला, तो त्याने लपवला, आणि त्या ओझ्याखाली तो जन्मभर दबून राहिला. १७९९ मध्ये प्लॅटिनमची पट्टी तयार झाली आणि पॅरिसच्या दफ्तरखान्यात ठेवली गेली. पुढे कळले, की पृथ्वीच्या चपटेपणाचा अंदाज चुकल्यामुळे ती पट्टी सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड आहे. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर १०,००० नव्हे, जवळजवळ १०,००२ किलोमीटर भरते.

यानंतर जे घडले ते तात्त्विकदृष्ट्या पट्टी चुकण्यापेक्षा मोलाचे आहे. पट्टी दुरुस्त केली गेली नाही. व्याख्या बदलली गेली. २० मे १८७५ रोजी १७ राष्ट्रांनी मीटर करारावर सह्या केल्या, पॅरिसजवळ सेव्र इथे आंतरराष्ट्रीय मापन कार्यालय उभे राहिले आणि १८८९ मध्ये ९० टक्के प्लॅटिनम व १० टक्के इरिडियमची नवी पट्टी मीटर म्हणून जाहीर झाली. ती जुन्या पट्टीबरहुकूम होती, पृथ्वीबरहुकूम नव्हे. निसर्गाकडून घेतलेले माप मिळताच माणसांनी निसर्गाला सोडून दिले. सगळ्या जगाची यंत्रे, नकाशे, करारमदार एकदा त्या पट्टीवर बेतले गेल्यावर पृथ्वी किती मोठी हे मोजायची बाब झाली, माप ठरवायची नव्हे. न्यायसूत्रांतल्या तराजूची अदलाबदल इथे पहिल्यांदा ढळढळीत दिसते.

या पट्टीबद्दलच विट्गेन्स्टाइनने ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक चमत्कारिक वाटणारे विधान केले. जगात एकच वस्तू अशी आहे, की जिच्याबद्दल ती एक मीटर लांब आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही, ती म्हणजे पॅरिसमधली प्रमाण पट्टी. पट्टीत काही गूढ गुण आहे असे त्याला सुचवायचे नव्हते. बुद्धिबळाच्या डावात राजाला चेकमेट होतो, पण नियम स्वतः हरत नाहीत वा जिंकत नाहीत. तशी ती पट्टी मोजण्याच्या खेळात खेळाडू नसून नियम आहे, असा त्याचा रोख.

सॉल क्रिप्कीने १९७० साली प्रिन्स्टन इथे दिलेल्या व्याख्यानांत याला सरळ विरोध केला. ‘एक मीटर’ हे नाव एका विशिष्ट लांबीचे आहे आणि पट्टी ही ती लांबी दाखवून देण्याचे साधन आहे. पट्टी तापवली असती तर ती लांबली असती, आणि मग ती एक मीटर राहिली नसती. म्हणजे ‘पट्टी एक मीटर लांब आहे’ हे विधान व्याख्या करणाऱ्याला न मोजताच ठाऊक असते, तरीही ते अनिवार्य सत्य नाही; तसे नसणे शक्य होते. अनुभवाशिवाय कळणारी गोष्ट अनिवार्यच असते, हा कांटपासून चालत आलेला समज क्रिप्कीने या एका पट्टीच्या आधारे हलवला. दोघांत क्रिप्कीची बाजू मापनशास्त्रज्ञांच्या प्रत्यक्ष वागण्याच्या अधिक जवळची आहे. ते पट्टीला ठरावीक तापमानात, ठरावीक आधारांवर ठेवत. पट्टीची लांबी बदलू शकते हे मानल्याखेरीज या काळजीला अर्थ उरत नाही. पण विट्गेन्स्टाइनचे म्हणणे निकालात निघाले असे नाही. किलोग्रॅमच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरले.

तेव्हा किलोग्रॅम म्हणजे सेव्रच्या तळघरातला एक धातूचा दंडगोल, उंची ३९ मिलिमीटर आणि व्यासही तेवढाच. गाभाऱ्यातल्या मूर्तीसारखी त्याची राखण होती: काचेच्या हंड्यांखाली तो ठेवलेला, तिजोरीला तीन किल्ल्या, त्या तीन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. त्याला स्नान घालण्याचा विधीही ठरलेला होता. आधी ईथर व अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कातड्याने पुसायचे, मग वाफेने धुवायचे. पुढे तर व्याख्येतच आले, की या स्नानानंतर लगेच त्याचे जे वस्तुमान असते तो किलोग्रॅम. देशोदेशी त्याच्या क्रमांकित प्रती गेल्या. भारताकडची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे.

१९८८ ते १९९२ या काळात प्रती पुन्हा मूळ दंडगोलाशी ताडल्या, तेव्हा शंभर वर्षांत बहुतेक प्रती त्याच्यापेक्षा सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत जड झालेल्या निघाल्या. प्रती जड झाल्या की मूळ हलका झाला? साधी समजूत म्हणेल, एकटा मूळ हलका झाला असणे अधिक संभवते. पण तसे बोलण्याची सोय व्याख्येने ठेवली नव्हती. मूळ दंडगोल नेहमी एक किलोग्रॅमच असणार. त्यातून काही अणू झिजून गेले असतील तर त्या क्षणी बाकीचे सारे विश्व, ताऱ्यांसकट, तेवढ्या प्रमाणात जड झाले असे म्हणणे भाग होते. कोणीही शास्त्रज्ञ असे मानत नव्हता, आणि तरीही व्याख्या पाळायची तर असेच लिहावे लागत होते. मनात असलेले सत्य भाषेत मांडता येत नाही, अशी ही कोंडी. विट्गेन्स्टाइनने दाखवलेला नियम आणि वस्तू यांच्यातला भेद इथे शास्त्रज्ञांना बोचू लागला.

प्रमाणच गुन्हेगार ठरल्याचे याहूनही बोलके उदाहरण काळाच्या मापनात आहे. पूर्वी सेकंद म्हणजे सरासरी सौरदिनाचा ८६,४०० वा भाग. म्हणजे पृथ्वीचे फिरणे हेच घड्याळ. मग पृथ्वी मंद होत आहे, हे कशावर पाहून सांगणार? चंद्र गणिताने सांगितलेल्या जागेपेक्षा पुढे जातो आहे असे निरीक्षण फार आधीपासून होते, पण त्याचा दोष चंद्राच्या गणितावर टाकता येत असे. १९३९ साली हॅरॉल्ड स्पेन्सर जोन्स यांनी दाखवले, की चंद्रच नव्हे, तर सूर्य, बुध आणि शुक्र यांच्याही बाबतीत असाच फरक पडतो, आणि तो ज्याच्या त्याच्या वेगाच्या प्रमाणात पडतो. इतके साक्षीदार, परस्परांशी संबंध नसलेले, एकाच दिशेने आणि एकाच प्रमाणात चुकतात, तेव्हा चूक साक्षीदारांची नसते. घड्याळ मागे पडत होते. ओहोटी-भरतीच्या घर्षणाने दिवस शतकाला दीडदोन मिलिसेकंदांनी लांबतो. १९६० मध्ये सेकंदाचा आधार पृथ्वीच्या फिरण्यावरून तिच्या सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेवर नेला गेला, आणि १९६७ मध्ये सीझियम-१३३ अणूच्या एका प्रारणाच्या ९,१९२,६३१,७७० आवर्तनांवर.

तर्कशास्त्राचा काटेकोर आग्रह धरला तर स्पेन्सर जोन्स यांचा निष्कर्ष टाळता आला असता. पृथ्वीला प्रमाण मानून सारे ग्रह सारखेच वेगाने पळू लागले असे म्हणायला कोणी अडवले नव्हते. अडवले ते गणिताने: मग न्यूटनचे नियम सगळीकडे थोडे थोडे वाकवावे लागले असते. हेन्री पॉइंकारे यांनी १८९८ मध्येच लिहून ठेवले होते, की एकामागून एक येणारे दोन कालावधी समान आहेत हे थेट पाहण्याची शक्ती माणसाला नाही. ज्या व्याख्येने निसर्गनियम सर्वांत सोपे होतात ती काळाची व्याख्या आपण स्वीकारतो. उष्णतामापनातही हीच अडचण होती. पारा तापमानाबरोबर समान गतीने प्रसरण पावतो की नाही हे ठरवायला तापमान आधी ठाऊक हवे, आणि तापमान कळणार ते पाऱ्यावरूनच. मार्ग निघाला तो वेगवेगळ्या तापमापींना एकमेकांविरुद्ध उभे करून, कोणती सर्वांत सुसंगत वागते ते पाहून. पॉइंकारे यांच्या म्हणण्याला पुष्कळजण संकेतवाद म्हणून बाजूला सारतात, जणू त्यांनी मापनाला लहरीवर सोडले. तसे नाही. संकेत माणूस करतो हे खरे, पण केलेला संकेत टिकेल की नाही हे निसर्गाच्या हातात राहते. पृथ्वीचा संकेत टिकला नाही.

मग असे काय आहे जे झिजणार नाही आणि मंदावणार नाही? जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७० मध्ये लिव्हरपूल इथल्या भाषणात उत्तर सुचवले: पृथ्वीची मिती, गती वा वस्तुमान नव्हे, तर अणुरेणूंच्या तरंगलांबी, आवर्तने आणि वस्तुमाने यांतच कायमची प्रमाणे शोधावीत. पृथ्वी थंड होऊन आकसू शकते. हायड्रोजनचा रेणू कुठेही, केव्हाही तसाच. मॅक्सवेल श्रद्धाळू ख्रिस्ती होते, आणि तीन वर्षांनी ब्रॅडफर्ड इथल्या व्याख्यानात त्यांनी याच समानतेवरून ईश्वराकडे झेप घेतली. दूरदूरच्या ताऱ्यांतले रेणू तंतोतंत एकसारखे असणे, कोणत्याही नैसर्गिक प्रक्रियेने त्यांच्यात फरक न पडणे, ही कारखान्यात घडवलेल्या वस्तूची खूण आहे. म्हणून ते अनादी व स्वयंभू नाहीत, कोणीतरी निर्माण केलेले आहेत, असा त्यांचा युक्तिवाद. त्याला आज वैज्ञानिक वजन उरलेले नाही. एकाच प्रकारचे दोन कण ओळखण्यापलीकडे सारखे असतात हे पुंजयामिकीत घडवणाऱ्याची साक्ष न काढताही मांडता येते. पण ती समानता मुळात का आहे, हा प्रश्न त्याने संपत नाही, आणि मॅक्सवेल यांनी बोट ठेवले ती जागा खरीच आश्चर्याची आहे. १८९९ मध्ये माक्स प्लांक यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले: काही विश्वस्थिरांक एकत्र केले की अशी एकके मिळतात जी सर्व काळांना, सर्व संस्कृतींना, अगदी पृथ्वीबाहेरच्या आणि मानवेतर संस्कृतींनाही लागू राहतील.

मॅक्सवेल यांनी सांगितलेल्या दिशेने जायला शंभर-दीडशे वर्षे लागली. १९६० मध्ये मीटर क्रिप्टॉन-८६ च्या तरंगलांबीवर गेला. १९८३ मध्ये तो प्रकाशाच्या वेगाला बांधला गेला: प्रकाश निर्वातात एका सेकंदाच्या २९९,७९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर काटतो तेवढा मीटर. त्या दिवसापासून प्रकाशाचा वेग मोजणे ही गोष्ट संपली. कोणी तो प्रयोग केलाच, तर तो स्वतःच्या उपकरणाची लांबी मोजत असतो.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्साय इथे भरलेल्या, मीटर करारातील राष्ट्रांच्या परिषदेने उरलेले काम केले आणि २० मे २०१९ पासून ते अमलात आले. प्लांकचा स्थिरांक ६.६२६०७०१५ गुणिले १० चा उणे ३४ वा घात ज्यूल-सेकंद, एवढाच आहे, ना कमी ना अधिक, असे ठरवले गेले आणि त्यातून किलोग्रॅम आपोआप ठरला. मूलभूत विद्युतभार, बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि अव्होगाद्रोची संख्या यांचेही आकडे असेच गोठवून अँपिअर, केल्विन आणि मोल बांधले गेले. हे फर्मान वाटते, पण फर्मान काढण्यापूर्वी बरीच वर्षे वाट पाहिली गेली. ब्रायन किबल यांच्या कल्पनेतून आलेला तराजू वजनाला विद्युतचुंबकीय बलाने तोलून प्लांकच्या स्थिरांकापर्यंत पोचतो. दुसरी वाट म्हणजे शुद्ध सिलिकॉन-२८ च्या जवळजवळ निर्दोष गोलातील अणू मोजणे. दोन्ही वाटा एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. काही वर्षे त्यांचे आकडे जुळत नव्हते, म्हणून व्याख्या लांबणीवर पडली. जुळल्यावरच आकडा गोठवला गेला. सत्ता परिषदेची होती, पण मान्यता वस्तूंच्या आपसातल्या मेळाची लागली.

यानंतर भूमिकांची अदलाबदल सर्वत्र झाली. सेव्रचा दंडगोल आता मोजता येतो. त्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम असल्याचे व्याख्येने ठरत नाही, ते अनिश्चिततेसह प्रयोगाने सांगावे लागते. तो हलका झाला तर तो हलका झाला असे म्हणता येते. पाण्याचा त्रिक बिंदू २७३.१६ केल्विन ही पूर्वी व्याख्या होती, आता ते मापन आहे. कार्बन-१२ च्या एका मोलचे १२ ग्रॅमही तसेच. जे नियम होते ते पुन्हा वस्तू झाले, आणि जे मोजले जात होते ते स्थिरांक नियम झाले.

स्थिरांकच बदलत असतील तर? १९३७ मध्ये डिरॅक यांनी गुरुत्वस्थिरांक काळाबरोबर घटत असावा असे सुचवले होते. तेव्हापासून ही शंका अधूनमधून उठते. तिचे तात्त्विक टोक असे, की ज्या राशीला मिती आहे तिच्या बदलाचे विधान एकटे घेतले तर पोकळ असते. प्रकाशाचा वेग बदलला की मीटर बदलला, हे दोन्ही एकाच घटनेचे वर्णन असू शकते. अर्थ उरतो तो मितिविहीन गुणोत्तरांना, उदाहरणार्थ सुमारे १/१३७ एवढ्या सूक्ष्मरचना स्थिरांकाला. गॅबनमधील ओक्लो इथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात नैसर्गिक अणुभट्टी पेटली होती. तिथे उरलेल्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून हा स्थिरांक तेव्हापासून जवळजवळ हललेला नाही असे दिसते. मूलभूत स्थिरांक खरे किती, तीन, दोन की एकही नाही, यावर डफ, ओकुन आणि व्हेनेत्सियानो या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एकत्र लेख लिहिला, आणि त्यातही तिघांनी तीन वेगवेगळी मते मांडली.

निसर्गाकडे सोपवलेल्या या पद्धतीत एका जागी माणूस उरला आहे, तो कँडेलात. दीप्तीचे हे एकक ५४० टेराहर्ट्झ वारंवारतेच्या हिरव्या प्रकाशाला बांधले आहे, दर वॉटला ६८३ ल्युमेन. हिरवाच का, तर सरासरी मानवी डोळ्याला उजेडात तो रंग सर्वांत प्रखर भासतो. प्लांकच्या परग्रहवासीयाला बाकीची सहा एकके समजावून देता येतील. कँडेला समजावायला त्याला माणसाचा डोळा दाखवावा लागेल. माणूस सर्व वस्तूंचे माप आहे, असे प्रोटागोरस म्हणाला होता. प्लेटोने उतारवयात त्याला उत्तर दिले, की माप माणूस नव्हे, देव आहे. एसआय पद्धतीने दोघांनाही पूर्ण होकार दिलेला नाही.

सेकंदाची व्याख्याही आता पुन्हा बदलायची आहे. स्ट्रॉन्शियम, यटर्बियम यांची प्रकाशीय घड्याळे सीझियमच्या घड्याळापेक्षा इतकी अचूक झाली आहेत, की त्यांच्या वारंवारतांचे आपसातले गुणोत्तर जेवढ्या काटेकोरपणे सांगता येते तेवढ्या काटेकोरपणे त्यांच्यापैकी एकाचीही वारंवारता हर्ट्झमध्ये सांगता येत नाही. सांगायला गेले की सीझियमची ढिलाई आड येते. सोने तराजूपेक्षा पक्के निघाले आहे. २०२२ च्या परिषदेने नवी व्याख्या २०३० पर्यंत मांडण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि ती एका अणूवर बांधायची की अनेक अणूंच्या भारित सरासरीवर, हे अजून ठरलेले नाही.